पहिला ठिपका

गेल्या वर्षीच्या चांदरातीची गोष्ट. आमच्या घरात बायकामुलींच्या हातांवर मेहंदी काढण्याचे काम माझ्या धाकट्या बहिणीकडे असते. त्या वर्षी ती सासरी होती, म्हणून मेहंदीचा कोन माझ्या बारा वर्षांच्या मुलीच्या हाती आला. तिची चित्रकला चांगली आहे. मोबाईलवर नक्षीचे कितीतरी नमुने तिने आधीच जमवून ठेवले होते. माझा तळहात मांडीवर घेऊन ती बसली, आणि बसूनच राहिली. दहा मिनिटे गेली. कोनाच्या टोकाशी मेहंदी सुकून बसली, ती तिने पुसली, पुन्हा कोन दाबून पाहिला. पण हात काही खाली येईना. "बिघडलं तर? ईदभर तुझ्या हातावर तसंच राहील ना, अम्मी," असे म्हणताना तिचे डोळे भरून आले.

शेजारी खाटेवर अब्बा बसले होते. ते म्हणाले, "पहले बीच में एक टिपका रख. नक्षी का बाद में देखेंगे."

"पण नाना, बीच कुठंय?"

"जहाँ रखेगी वहीं बीच."

तिने ठिपका ठेवला. तो तळहाताच्या मध्यापासून अंगठ्याकडे चांगला बोटभर सरकलेला होता. पण त्यानंतर तिचा हात थांबला नाही.

अब्बा एका उर्दू दैनिकात कातिब होते. छपाईसाठी मजकूर हाताने लिहून काढणे हा त्यांचा पेशा. त्यामुळे कोऱ्या कागदाची भीती काय असते आणि ती कशी मोडायची, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्या रात्रीपासून माझ्या मनात एक प्रश्न घोळत राहिला. ज्यांची चित्रे, ज्यांची गाणी आपण डोक्यावर घेतो, ती माणसे सुरुवात कुठून करत असतील?

आमद आणि आवुर्द

उर्दू शायरीच्या जगात दोन शब्द नेहमी वापरले जातात. जो शेर आपसूक सुचला त्याला 'आमद' म्हणतात, आणि जो मेहनतीने घडवून आणला त्याला 'आवुर्द'. आमद म्हणजे आलेले, आवुर्द म्हणजे आणलेले. साहजिकच आमदचे कौतुक जास्त. आपल्याला वाटते की कलावंताच्या मनात एकदम वीज चमकते आणि तो कामाला लागतो. ज्याच्या मनात ती चमकत नाही, त्याने आपला नाद सोडून द्यावा.

मात्र कलावंतांच्या आयुष्याकडे जवळून पाहिले तर चित्र वेगळे दिसते. आमदची वाट पाहत हात बांधून बसलेला उस्ताद क्वचितच सापडतो. बहुतेक जण आधी कामाला बसलेले असतात, आणि काय करायचे ते त्यांना बसल्यावर सुचते. बसल्यावर ते जे पहिले काम करतात ते अगदी लहान, ठरलेले आणि हाताचे असते.

बोरू तासण्यापासून

खत्तातीचेच पाहा. कोरा कागद आणि पहिले अक्षर यांच्यामध्ये खत्तातीत कितीतरी कामे असतात. बोरू निवडायचा, तासून त्याचे टोक चपटे करायचे, मध्ये बारीक चीर द्यायची, मग ते टोक हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या पट्टीवर ठेवून एका दाबात तिरपे छाटायचे. काजळी आणि डिंक यांची शाई दौतीत घालायची. दौतीत रेशमी धाग्यांचा बोळा ठेवायचा, म्हणजे बोरूला हवी तेवढीच शाई लागते. कागदाला खळ आणि अंड्याचा पांढरा बलक लावायचा आणि वाळल्यावर तो अकीकच्या दगडाने घोटून गुळगुळीत करायचा. एवढे होईपर्यंत मन शांत झालेले असते आणि हाताला कामाची लय लागलेली असते.

त्यानंतर येतो नुक्ता, म्हणजे ठिपका. छाटलेल्या बोरूचे टोक कागदावर टेकवून किंचित ओढले की शंकरपाळ्याच्या आकाराचा ठिपका उमटतो. हा ठिपका म्हणजे खत्तातीचे मोजमाप. अलिफ किती उंच, 'बे' किती लांब, 'नून'चा पोट किती खोल, हे सारे ठिपक्यांत मोजतात. नस्तालीक शैलीत अलिफ साधारण तीन ठिपक्यांचा असतो, सुलुस शैलीत सात ठिपक्यांचा. बोरू जाड असेल तर ठिपका मोठा आणि अक्षरही मोठे. बोरू बारीक असेल तर सगळेच बारीक. फूटपट्टी बाहेरून आणावी लागत नाही, ती हातातल्या कलमातूनच निघते.

प्रमाणबद्धतेची ही रीत बगदादचा वजीर इब्न मुकला याच्या नावाने ओळखली जाते. त्याचा मृत्यू इ. स. 940 मधला. दरबारी राजकारणात त्याचा उजवा हात तोडला गेला, तेव्हा उरलेल्या हाताला कलम बांधून तो लिहीत राहिला, असे सांगतात. पुढे 1258 मध्ये मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केले, तेव्हा याकूत अल्‌-मुस्तासिमी हा खत्तात एका मिनारात आसऱ्याला गेला आणि कागद नव्हता म्हणून कापडावर रोजची मश्क करत बसला, अशीही आख्यायिका आहे. खाली शहर जळत असताना या माणसाने कोणती महान रचना केली, हे ती गोष्ट सांगत नाही. त्याने रोजची मश्क चुकवली नाही, एवढेच सांगते.

तुर्की परंपरेत नव्या शागिर्दाला लिहायला देतात तो पहिला धडा म्हणजे एक दुआ असते: काम सोपे व्हावे, अवघड होऊ नये, आणि शेवट भला व्हावा. ही छोटीशी ओळ गिरवण्यात शागिर्दाचे महिनेच्या महिने जातात. आणि एक गंमत पाहा. इराणमध्ये हात मोकळा व्हावा म्हणून उस्ताद एकाच कागदावर तीच तीच अक्षरे एकावर एक लिहीत, कागद काळा होईपर्यंत. त्याला 'सियाह मश्क' म्हणतात. टाकून द्यायचे असे हे कागद पुढे लोकांना इतके सुंदर वाटले की त्याचीच एक स्वतंत्र कला झाली, आणि आज ते संग्रहालयांत चौकटीत लावलेले दिसतात. तयारी म्हणून केलेले कामच शेवटी कलाकृती ठरले.

चार तारा जुळेपर्यंत

चित्रकाराला ठिपका, तसा गवयाला 'सा'. आणि 'सा' म्हटले की आपल्या महाराष्ट्राला मिरजेची आठवण व्हावी. तिथल्या शिकलगार घराण्यांचा मूळ धंदा हत्यारांना धार लावण्याचा, ती घडवण्याचा. हत्यारांची मागणी संपली तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्याच हातांनी तंतुवाद्ये घडवायला घेतली. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव त्यात पहिले घेतले जाते. तंबोऱ्याचे भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमाकाठच्या शेतांतून. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. धंदा बुडाल्यावर नवी सुरुवात कशी करावी, याचा हा आपल्या घरातला धडा आहे. या कारागिरांनी हातातले कसब टाकून दिले नाही. त्याला नवे काम दिले.

याच मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. जन्म 1872, गाव कैराना. पण त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे. तंबोरा जुळवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, असे जुने जाणकार सांगत. ही जुळवणी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. चार तारा. खुंट्या पिळून तारा जवळपास सुरात आणायच्या, मग खालचे मणी सरकवून केसभर फरक दुरुस्त करायचा. शेवटी घोडी आणि तार यांच्यामध्ये एक साधा सुती धागा सरकवायचा. धागा अचूक जागी आला की तारेचा आवाज एकदम उघडतो, गुंजायला लागतो. याला जवारी लागली असे म्हणतात.

नवख्या श्रोत्याला वाटते, हे कधी संपणार आणि गाणे कधी सुरू होणार? जाणकाराला माहीत असते की गाणे सुरू झालेलेच आहे. तारा जुळवताना गवई स्वतःचे कानही जुळवत असतो. बाजारातला गोंगाट, प्रवासाचा शीण, घरची काळजी, सारे मागे पडते आणि एकच स्वर उरतो. पुढचा राग याच स्वरावर उभा राहायचा असतो.

1937 साली खाँसाहेब दक्षिणेत आगगाडीने पाँडिचेरीकडे निघाले होते. वाटेत तब्येत बिघडली, म्हणून ते सिंगपेरुमल कोइल नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरले. तिथे फलाटावरच त्यांनी तंबोरा जुळवून घेतला, दरबारी रागात अल्लाहचे नाव घेतले आणि प्राण सोडला, असे त्यांचे शिष्य सांगत आले. आयुष्यभर ज्या गोष्टीने सुरुवात केली, तीच शेवटीही हाताशी होती.

आधी सम, मग बाकीचे

नवी बंदिश बांधणारे कुठून सुरुवात करतात? बहुधा मुखड्यापासून. आग्रा घराण्याचे फैयाज खाँ 'प्रेमपिया' या नावाने बंदिशी बांधत, विलायत हुसेन खाँ 'प्राणपिया' या नावाने. तीनतालाच्या सोळा मात्रांत सम एकच. मुखडा असा हवा की तो फिरून फिरून त्या समेवर सहज येऊन बसेल. ही जागा आधी सापडावी लागते. स्वयंपाकाला बसताना जेवायला किती माणसे आहेत ते आधी विचारतो, त्यातलाच हा प्रकार. पोहोचायचे कुठे हे ठरले की वाट आपोआप दिसायला लागते. अंतरा मागाहून येतो.

पण कधी कधी सुरुवात ठरवून होत नाही, ती अंगावर येते. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ (1855-1946) तरुणपणी अमलेटा संस्थानात असताना दिवसच्या दिवस गात राहिले, आणि त्या ताणाने त्यांचा आवाज बसला. गवयाचा आवाज जाणे म्हणजे शेतकऱ्याची जमीन जाणे. बराच काळ ते गाऊ शकले नाहीत. आवाज परत आला तो पूर्वीचा नव्हता. त्यातली चपळाई आणि गोडवा कमी झाला होता. तेव्हा खाँसाहेबांनी जुना आवाज परत आणण्याचा हट्ट धरला नाही. जो आवाज हाती राहिला होता, त्याला कोणते गाणे शोभेल याचा विचार केला. लयीशी घट्ट बांधलेली, वळणावळणाची, दुर्मीळ रागांनी सजलेली त्यांची गायकी त्यातून घडली. पुढे शाहू महाराजांच्या कोल्हापुरात ते दरबारगायक झाले, आणि गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी तीच गायकी देशभर नेली. जे गेले त्याचा हिशोब मांडत बसले असते, तर एक घराणे जन्मालाच आले नसते.

शीशमहालाची रात्र

सिनेमाच्या संगीतकाराची गोष्ट निराळी. त्याला कोरा कागद मिळतच नाही. प्रसंग ठरलेला, पात्र ठरलेले, तारीख ठरलेली. लखनौहून 1937 मध्ये मुंबईला आलेले नौशाद अली सुरुवातीला दादरच्या फुटपाथवर झोपले होते. त्यामुळे अडचणीत काम कसे करावे हे त्यांना चांगले ठाऊक होते. 1960 मध्ये आलेल्या 'मुघल-ए-आझम'मधले शीशमहालातले गाणे कसे झाले, ते नौशाद पुढे मुलाखतींतून सांगत असत. प्रसंग असा: बादशहा अकबरासमोर अनारकली निर्भयपणे आपले प्रेम कबूल करते. शकील बदायुनी आणि नौशाद संध्याकाळी खोलीत बसले. शकील एकामागून एक मुखडे लिहीत होते आणि दोघे मिळून ते बाजूला सारत होते. रात्र चढत गेली. मग नौशाद यांना पूर्वेकडच्या भागात ऐकलेले एक लोकगीत आठवले. प्रेम केले आहे तर त्यात लपवायचे काय, असा त्याचा भाव. शकील यांनी ते धरले, आणि पहाटेपर्यंत गाणे तयार झाले.

याला आमद म्हणावे की आवुर्द? लोकगीत आठवले ती आमद. पण रद्द केलेल्या कागदांचा ढीग जमेपर्यंत दोघे जागेवर बसून राहिले नसते, तर ते आठवले असते का? आणि ते लोकगीत तरी कुठून आले? नाव ठाऊक नसलेल्या खेड्यातल्या बायकांकडून. नवे म्हणून आपण जे ऐकतो, त्याच्या तळाशी बहुधा कुणीतरी आधी गुणगुणलेले काहीतरी असतेच.

भिंतीवरचा ठिपका

आता पुन्हा ठिपक्याकडे. सय्यद हैदर रझा यांचा जन्म 1922 मध्ये मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात झाला. वडील जंगल खात्यात. मुलाचे अभ्यासात लक्ष नव्हते. एके दिवशी शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि बाकी सारे विसरून फक्त त्याच्याकडे पाहत राहायला सांगितले. चंचल मुलाला एका जागी बसवण्याची ती एक साधी युक्ती.

हा मुलगा नागपूरच्या चित्रशाळेत शिकला, मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. 1947 मध्ये सूझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्यासोबत त्याने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. पुढल्या वर्षी काश्मीरमध्ये त्याची गाठ फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी पडली. त्यांनी चित्रे पाहून स्पष्ट सांगितले की गुण आहेत, पण बांधणी नाही. इमारतीला पाया आणि भिंती लागतात तसे चित्रालाही लागते, सेझाँचा अभ्यास कर. रझा यांनी हे मनाला लावून घेतले, पण ते निराळ्या अर्थाने. ते मुंबईत फ्रेंच भाषा शिकू लागले आणि 1950 मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. 1956 मध्ये त्यांना तिथला समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळाला.

नाव झाले, चित्रे विकली जाऊ लागली. तरी पन्नाशी उलटल्यावर त्यांना वाटू लागले की आपल्या चित्रात आपण स्वतः कुठे आहोत? ते भारतात येत राहिले, पुष्कळ हिंडले. आणि ज्या गोष्टीने त्यांना पुन्हा सुरुवात करून दिली, ती होती शाळेतल्या भिंतीवरचा तो ठिपका. 1980 च्या सुमारास त्यांच्या चित्रात मोठे काळे वर्तुळ आले, बिंदू. पुढची तीसपेक्षा जास्त वर्षे ते त्या बिंदूभोवतीच काम करत राहिले. 2010 मध्ये ते कायमचे भारतात परतले. 2016 मध्ये त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन केले गेले. त्या गुरुजींना आपण काय पेरतो आहोत याची कल्पनाही नसेल.

आपल्या घरात

वाचकहो, आपल्या समाजात मुलाची 'बिस्मिल्लाह' करण्याची रीत आहे. मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की त्याला नवे कपडे घालून बसवतात आणि पहिले अक्षर म्हणायला, गिरवायला लावतात. शिरणी वाटतात. विचार करा, त्या दिवशी मुलाला येत काय असते? काहीच नाही. तरी आपण आनंद करतो, कारण सुरुवात झाली. मग हेच मूल दहा-बारा वर्षांचे झाल्यावर चित्र काढायला बसले की आपण पहिल्याच रेघेला विचारतो, "हे काय काढलंस?" आणि शेजारच्या मुलीच्या वहीशी तुलना करतो. भीती मुलांना जन्मतः नसते. ती आपण घालतो.

या सगळ्या उस्तादांकडून घरी आणण्यासारखे काही आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. मुलांना रद्दी कागद भरपूर द्यावा. चांगल्या महागड्या वहीत चुकायला भीती वाटते, रद्दीवर वाटत नाही. चित्राला, शिवणकामाला, गाण्याला रोज एक वेळ आणि एक जागा ठरवून द्यावी, मग ती पंधरा मिनिटे का असेना. "काहीही काढ" असे म्हणण्याऐवजी "आज फक्त पाने काढ" असे सांगावे. मर्यादा असली की हात चालतो. पहिला कागद कुणाला दाखवायचा नाही, असा नियम घरात असावा. आणि हे फक्त मुलांसाठी नाही. ज्या बहिणींचे भरतकाम लग्नानंतर पेटीत गेले ते गेलेच, त्यांनी पुन्हा सुईत दोरा ओवावा. मोठी चादर डोळ्यांसमोर आणू नये. रुमालाच्या कोपऱ्यात एक टाका घालावा.

हे मी अधिकाराने सांगत नाही, पाहिलेले सांगते. अब्बांच्या दैनिकात संगणक आला तेव्हा एका महिन्यात सगळ्या कातिबांचे काम गेले. बावीस वर्षे लिहिलेला हात रिकामा झाला. अब्बा एका दुकानात हिशोब लिहायला जाऊ लागले. त्यांचे बोरू एका पत्र्याच्या डब्यात गेले आणि तो डबा माळ्यावर. त्या विषयावर घरात कुणी बोलत नसे.

सात वर्षांनी मोहल्ल्यातला एक तरुण आला. त्याची आई वारली होती. तिच्या कबरीच्या दगडावर नाव कोरायचे होते, आणि ते संगणकाच्या अक्षरात त्याला नको होते. अब्बा म्हणाले, "हाथ गया, बेटा." तरुण काही बोलला नाही. नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवून तो निघून गेला. त्या रात्री माळ्यावरून डबा खाली आला. अब्बांनी बोरू तासला. तीन संध्याकाळ त्यांनी जुन्या वर्तमानपत्रावर फक्त ठिपके काढले, ओळीच्या ओळी. चौथ्या दिवशी अलिफ. आठव्या दिवशी त्यांनी ते नाव लिहिले. मी तेव्हा पाहिले की लिहिताना त्यांचा श्वास अगदी हळू झाला होता. तेव्हापासून डबा माळ्यावर गेलेला नाही.

ईदच्या सकाळी माझ्या हातावरची मेहंदी चांगली रंगली. मधला ठिपका अंगठ्याकडे सरकलेला, म्हणून मुलीने फूलही तिकडेच काढले आणि वेल दुसऱ्या बाजूने मोठी करून मनगटापर्यंत उतरवली. भेटायला आलेल्या बायका विचारत होत्या, ही नवी नक्षी कुठून आणली? मुलगी माझ्याकडे पाहून हसली. दुपारी शीरखुर्मा झाल्यावर ती अब्बांच्या खाटेशी रद्दीचा गठ्ठा घेऊन बसली होती, आणि अब्बा तिला बोरू कसा धरायचा ते दाखवत होते.